विटेपाशी थांबलेले निरूपण



पुंडलिकाची कथा मी चाळीस वर्षे कीर्तनातून सांगितली. देव दारी आले, भक्ताने वीट भिरकावली, देव कटीवर कर ठेवून उभे राहिले. तेथे मृदंगावर थाप पडायची, गजर व्हायचा आणि आम्ही पुढे जायचो. आता घसा गेल्यावर घरी बसून पाहतो, तर निरूपणातली उणीव ध्यानात येते. आम्ही विटेपाशीच थांबलो. ज्या सेवेसाठी देवाला तिष्ठावे लागले, तिच्याविषयी फार थोडे बोललो.

कथेचा पूर्वभागही आम्ही घाईने उरकतो. हाच पुंडलिक आधी काशीच्या वाटेवर आईबापांचे हाल करीत होता. यात्रा घडत असतानाही धर्म चुकतो, हे त्यातले मर्म.

आमच्या दिंडीत एक विणेकरी होते. संसार केला नाही. भजनाचा पैसा घ्यायचा नाही, हा नेम पाळला. गुडघे गेले तेव्हा आम्ही शाल-श्रीफळ दिले, पाया पडलो, वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली. पुढल्या आषाढीला लोणंदच्या तळावर कळले, ते माघातच गेले. शेवटचे दिवस शेजाऱ्याच्या ओसरीवर काढले. वर्षभरात कोणी विचारपूस केली नव्हती. मीही नाही.

वै. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे चार वर्षे शिकून कितीतरी कीर्तनकार घडले. गळा तयार करण्याची सोय झाली. गळा थकल्यावरची सोय कोणत्या फडाने केली?

कोणी म्हणेल, पांडुरंग पाहून घेईल. पण देव दारात उभा असतानाही पुंडलिकाने आईबापांना त्याच्यावर सोपवले नाही.

म्हणून दिंडीप्रमुखांना विनंती. साठी उलटलेल्या प्रत्येकाची नोंद वहीत ठेवा: घरी कोण आहे, औषध कोणते, अंथरुणाला खिळल्यास कोठे राहायचे, कोणाला कळवायचे. हे त्याचे हातपाय चालत असतानाच, त्यालाच विचारून लिहा. भिशीतला काही वाटा बाजूला काढा. मठात तळमजल्यावरची एक खोली राखा. दर एकादशीला दोघांनी जाऊन भेटावे, आणि कोण जाणार ते आधी ठरवावे. सगळ्यांचे काम ते कोणाचेच नसते.

तरुण कीर्तनकारांनी ही कथा जरूर लावावी. फक्त विटेपाशी थांबू नये. आत, म्हाताऱ्यांच्या अंथरुणापर्यंत जावे.