दिलगिरी, एकोणपन्नास वर्षांनी

वृत्तपत्रांतल्या चूकदुरुस्त्या आपण गंमत म्हणून वाचतो; मला त्यांत वृत्तपत्राची नियत दिसते. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीय पानावर प्रा. रॉबर्ट गॉडर्ड यांची टर उडवली. निर्वात पोकळीत अग्निबाण चालेल म्हणणाऱ्या या गृहस्थांना हायस्कुलात शिकवतात तेवढेही ज्ञान नाही, असा एकूण सूर होता. १९२६मध्ये गॉडर्ड यांनी द्रवरूप इंधनावरचा पहिला अग्निबाण उडवला. तरी दुरुस्ती आली ती १७ जुलै १९६९ला, ‘अपोलो ११’ चंद्राकडे झेपावल्याच्या दुसऱ्या दिवशी. अधिक संशोधनाने न्यूटनच्या निष्कर्षांना दुजोरा मिळाला असून अग्निबाण पोकळीतही चालतो हे आता सिद्ध झाले आहे, चुकीबद्दल दिलगीर आहोत, असा तिचा आशय.

न्यूटनला गंभीर चेहऱ्याने दिलेले हे प्रशस्तिपत्र हसवतेच. पण त्याहून मोलाचे हे, की ‘अनवधानाने’ या शब्दाआड न लपता पत्राने आपल्या जुन्या टवाळीतला उतारा जसाच्या तसा पुन्हा छापला. माझ्या मते खरी दुरुस्ती तीच. उणीव एकच: दिलगिरी व्यक्त झाली ती चुकीबद्दल, टवाळीबद्दल अवाक्षर नाही. गॉडर्ड तर १९४५मध्येच वारले होते.