‘द्राक्षारस’ आणि मद्यवर्जनाचा पक्ष

ख्रिस्ती मनुष्याने मद्य परिमित घ्यावे की सर्वथा वर्जावे, या वादात मराठी वाचकाची दिशाभूल प्रथम एका शब्दानेच होते. मराठी बायबलात ग्रीक ‘ओइनॉस’साठी ‘द्राक्षारस’ हा शब्द योजलेला असून तो वाचताच नुसता ताजा रस डोळ्यांपुढे येतो. १९व्या शतकातील अनेक अमेरिकन मद्यवर्जनवाद्यांचा दावाही हाच होता की, काना येथील लग्नात ख्रिस्ताने निर्मिलेला रस आंबलेला नव्हता. १८६९ मध्ये टॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने मद्यरहित प्रभुभोजनासाठी, तापवून आंबणे थांबविलेला द्राक्षरस सिद्ध केला.

परंतु हा अर्थ टिकत नाही. इफिसकरांस पत्रात ज्याने धुंद होणे निषिद्ध ठरते, तो ‘ओइनॉस’च होय, आणि करिंथ येथे प्रभुभोजनप्रसंगीच कोणी धुंद होतो, अशी पौलाची तक्रार आहे. वर्जनाचा खरा आधार शब्दार्थात नसून रोमकरांस पत्राच्या १४व्या अध्यायात आहे. आपल्या पिण्याने बंधू अडखळत असेल, तर न पिणे श्रेयस्कर, असा त्याचा आशय. येथे मद्य अपवित्र ठरत नाही. स्वातंत्र्य प्रेमापुढे नमते. म्हणून परिमित पान करणाऱ्यालाही हा अध्याय बांधतो. शब्द वाकवून मिळविलेल्या निषेधापेक्षा असा स्वेच्छात्याग अधिक भक्कम होय.