वाकळ आणि काठ

आमच्या सातारा-सांगलीकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आजीचं लुगडं, आजोबांचं धोतर, कुणाच्या तरी लग्नातल्या झंपराचा तुकडा, सगळे एका अंथरुणात नांदतात. ‘सायन्स’ साप्ताहिकाच्या जानेवारी २००८ मधल्या अंकातला एक सहा पानी शोधनिबंध वाचताना मला हा शब्द आठवला आणि मग तो निबंधाला चिकटूनच बसला. काम मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. शुभा टोळे आणि कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनचे एडविन मोनुकी यांच्या प्रयोगशाळांचं. विषय उंदराच्या गर्भातला मेंदू. आणि हा मेंदू म्हणजे अक्षरशः वाकळ आहे.

शोधनिबंधाचं कसलं रसग्रहण, असं माझ्या एका मराठीच्या प्राध्यापक मित्राने विचारलं. मी त्याला नुसतं शीर्षक ऐकवलं. त्याचा अर्थ असा: एलएचएक्स-२ नावाचं जनुक कॉर्टेक्सची, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराची, ओळख ठरवतं आणि हिप्पोकॅम्पसच्या संघटकाचं प्राक्तन दाबून ठेवतं. एरवी नशीब न मानणारे शास्त्रज्ञ गर्भाबद्दल बोलू लागले की प्राक्तन हा शब्द बिनदिक्कत वापरतात. पेशी पुढे काय होणार, ते तिचं प्राक्तन. शीर्षकात क्रियापदं दोन आहेत, ठरवणं आणि दाबणं. पहिलं सभ्य आहे. गोष्ट दुसऱ्यात आहे. दाबून ठेवावं लागतं, याचा अर्थ आत काहीतरी उसळी मारत असलं पाहिजे.

संघटक हा शब्द जुना. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हान्स स्पेमान आणि त्याची विद्यार्थिनी हिल्डे मँगोल्ड यांनी न्यूटच्या, म्हणजे शेपटीवाल्या बेडकासारख्या प्राण्याच्या, गर्भातला एक छोटा तुकडा कापून दुसऱ्या गर्भात भलत्या जागी बसवला. तिथे दुसरा गर्भच आकार घेऊ लागला. विशेष असं की त्या नव्या गर्भाचा बराचसा भाग पाहुण्या तुकड्याचा नव्हताच, यजमानाच्या पेशींचा होता. तुकड्याने शेजाऱ्यांना कामाला लावलं होतं. तेव्हापासून संघटक ठरायची कसोटी कडक आहे: तो काढला की अवयव नाहीसा होतो, एवढ्यावर भागत नाही. तो भलत्या ठिकाणी ठेवला की अवयव तिथे उगवला पाहिजे.

हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी जोडलेला मेंदूचा भाग. गर्भात तो कॉर्टेक्सच्या एका कडेला, एका अरुंद पट्टीला लागून तयार होतो. शिकागोला एलिझाबेथ ग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत टोळे होत्या तेव्हा, १९९८ मध्ये, या पट्टीवर निबंध आला. पट्टीचं नाव हेम, कपड्याची दुमडलेली कड. मराठीत काठच म्हणावं. संस्कृतात हेम म्हणजे सोनं, हा निव्वळ योगायोग, पण वाचताना सुटत नाही. या काठाच्या पेशी विंट नावाची संदेश-प्रथिनं बाहेर सोडतात. विंट नावातला ‘वि’ आला पंख नसलेल्या फळमाशीच्या विंगलेस जनुकावरून, आणि ती माशी पहिल्यांदा नोंदवली आर. पी. शर्मा यांनी, १९७३ साली, दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत. हे आमच्या पाठ्यपुस्तकांत का नसतं कोण जाणे. २००० साली कळलं की विंट-३ए हा एकच संदेश काढून घेतला तर हिप्पोकॅम्पस जवळजवळ तयारच होत नाही. म्हणजे कसोटीचा पहिला अर्धा भाग झाला. दुसरा राहिला.

वर्गातल्या मुलांना हे सांगताना मी कालव्यावर येतो. कराडजवळ खोडशीच्या बंधाऱ्यातून निघालेला कृष्णा कालवा साताऱ्याची हद्द ओलांडून सांगली जिल्ह्यात उतरतो. कुठल्याही पाटावर पाणी सोडायच्या दाराजवळच्या रानात ऊस दिसतो आणि टेलला, म्हणजे शेवटाला, शाळू. माती तीच, शेतकरीही तितकाच कष्टाळू. दारापासून किती लांब, त्यावर पीक ठरतं. काठाजवळच्या पेशींचंही तसंच, जवळ एक भाग, जरा लांब दुसरा, त्याहून लांब साधं कॉर्टेक्स. उपमा एका जागी लंगडते, हे मी मुलांना सांगून टाकतो: पाणी पिकाला जगवतं, विंट पेशीला निरोप देतं.

आता पेच. एलएचएक्स-२ नसलेले उंदीर आधीच माहीत होते. ते जन्माआधीच दगावतात, पण मेंदूत काय होतं ते दिसलेलं होतं: काठ अवाढव्य वाढतो आणि कॉर्टेक्स आक्रसतं. दारं इतकी झाल्यावर हिप्पोकॅम्पसचा पूर यायला हवा होता. तो येत नाही. कारण निरोप ऐकायला कॉर्टेक्सच उरत नाही. सगळा गाव पाटाची दारं होऊन बसला तर ऊस लावायचा कुणाच्या रानात?

निबंधाचं सौंदर्य मला इथे दिसतं. त्यांनी जनुक सगळीकडून काढलं नाही, ठिगळाठिगळाने काढलं. एकाच गर्भात काही पेशी जनुकासह, काही त्याच्याविना, मिसळून. वाकळ. कुठली पेशी कुठल्या कापडाची, हे कळण्याची सोय केलेली. मग कॉर्टेक्सच्या आतल्या बाजूला जिथे जिथे जनुकाविना ठिगळ पडलं, तिथे तिथे ते काठ झालं. भर रानात नवं दार. आणि त्या ठिगळाभोवतीच्या शेजारच्या, जनुक शाबूत असलेल्या पेशींनी हिप्पोकॅम्पस घडवला. एक नाही, जितकी ठिगळं तितक्या ठिकाणी. ज्यांचं जनुक गेलं त्या पेशी हिप्पोकॅम्पस झाल्या नाहीत. त्यांनी तो शेजाऱ्यांकडून करवून घेतला, आणि नुसता उगवला नाही तर त्याची मांडणीही लावली. स्पेमान आणि मँगोल्डना त्यासाठी तुकडा कापून चिकटवावा लागला होता. इथे कात्री लागलीच नाही.

भाषाही पाहण्यासारखी आहे. सारांशभर एलएचएक्स-२ चं कौतुक चालतं, हे निवडकर्तं जनुक आहे, पेशीच्या आतूनच काम करतं, वगैरे. मग अगदी शेवटच्या वाक्यात, ‘याखेरीज’ अशा अर्थाच्या शब्दांचा आडोसा घेऊन, काठ हाच हिप्पोकॅम्पसचा संघटक आहे हे सांगून टाकतात. मी असतो तर शीर्षकात ठळक लिहिलं असतं. चाळीतल्या बाईने जिन्यावरून उतरता उतरता सहज सांगावं, ‘हो, आणि मुलीचं लग्न ठरलं बरं का,’ तसं ते वाक्य येतं.

दुसरा एक तपशील मला जास्त अस्वस्थ करतो. जनुक उशिरा काढलं तर पेशी काठ होत नाही. चेतापेशी तयार होऊ लागण्याआधीचा एक छोटा काळ आहे, तेवढ्यात एलएचएक्स-२ हवं. तो काळ एकदा सरला की कॉर्टेक्स झालेली पेशी कॉर्टेक्सच राहते. पाण्याची पाळी चुकलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत उंदीर नव्हते, अंडी होती. हॅचरीतून फलित अंडी आणायची, उबवणीयंत्रात ठेवायची आणि तिसऱ्या दिवशी कोमट सलाइनमध्ये फोडायची. महाराष्ट्रात कोंबडीच्या गर्भाची परंपरा मोठी. पुण्याच्या लीला मुल्हेरकर यांनी पन्नासच्या दशकात एडिनबरोला गर्भशास्त्रज्ञ वॅडिंग्टनकडे याच गर्भावर, पेशी पेशींना कसं वळण लावतात यावर काम केलं. वॉच ग्लासमध्ये पिवळ्या बलकावर तो तांबूस स्वल्पविराम दिसतो, आणि मधला ठिपका धडधडत असतो. एकदा मी नेमकं या निबंधाबद्दल बोलत होतो. वाळव्याकडचा एक मुलगा, घरी ऊस असणारा, गर्भावरून नजर न काढता म्हणाला, “सर, दार कळलं. पण दार इथंच बसवायचं हे कुणी ठरवलं?”

मी म्हणालो, काठाच्या पलीकडे मेंदूच्या छताची एक पट्टी असते, तिच्याकडून संदेश येतात. “आणि तिला?” तो म्हणाला. मी आणखी एक पायरी मागे गेलो. तो माझ्या मागे. तेवढ्यात त्याच्या शेजारची मुलगी म्हणाली, “सर, ठोके मंदावले.” सलाइन गार झालं होतं. आम्ही तिघं कोमट पाणी आणायला उठलो.