पदकाच्या कडेची अक्षरे

पदके जमवणाऱ्याला आपल्याकडे छांदिष्ट म्हणतात आणि कादंबऱ्या वाचणाऱ्याला रसिक. हा भेद मला कधी पटलेला नाही. पदक हाही एक मजकूर आहे. तो कुणीतरी मुद्दाम सिद्ध केलेला असतो, कुणाला तरी उद्देशून असतो, आणि त्यात जेवढे सांगितलेले असते तेवढेच वगळलेलेही असते. मग कवितासंग्रहाची चिकित्सा होते तशी पदकाची का होऊ नये? निदान ज्या पदकांनी आपल्या वऱ्हाडाबद्दल तोंड उघडले आहे, त्यांची तरी व्हायला हवी.

युरोपात या विद्येचे शास्त्र झाले आहे. बल्गेरियाच्या राजचिन्हांचेच पाहा. तिथल्या अलेक्झांडर राजाने 1880 मध्ये शौर्याचा सन्मान सुरू केला, दुसऱ्या वर्षी संत अलेक्झांडरच्या नावाचा. पुढे फर्डिनांडने 1909 मध्ये सिरिल आणि मेथोडियस या दोन संतबंधूंच्या नावाने आणखी एक काढला. स्लाव लोकांना लिपी देण्याचे श्रेय या भावांकडे जाते. अक्षरे देणाऱ्यांच्या नावाने राजसन्मान असावा, हे मास्तरकी करणाऱ्या माणसाला सुखावणारे आहे. 1946 मध्ये लोकमताने तिथली राजेशाही संपली आणि ही सारी चिन्हे एखाद्या दिवंगत लेखकाच्या समग्र वाङ्मयासारखी बंदिस्त झाली. त्यांत आता भर पडायची नाही. उरले ते ओळखणे. पदकावरचे मुख अलेक्झांडरचे, फर्डिनांडचे की बोरिसचे. क्रुसावरचा आकडा 1915 चा की 1941 चा. मुकुट आहे की नाही. मीना कसा, कारागिराची खूण कोणाची. एवढे जुळले की अभ्यासक समाधानाने वही मिटतो. ही चिन्हे ज्यांच्या छातीवर होती त्यांची नावे त्यांवर सहसा नसतात, म्हणून शोध राजापाशी येऊन थांबतो. (त्यांचा शेवटचा बालराजा सिमेऑन 2001 मध्ये निवडणूक जिंकून त्याच देशाचा पंतप्रधान झाला. कादंबरीत घातले असते तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून परत पाठवले असते.)

आपल्याकडे सापडणाऱ्या इंग्रजी अमदानीतल्या पदकांची तऱ्हा उलटी आहे. तिथे राजा ओळखायला काही विद्वत्ता लागत नाही. पाचवीतला पोरगाही राणीचे तोंड ओळखतो. शोधायचा असतो तो माणूस. आणि तो दर्शनी बाजूला नसतो, पाठीलाही नसतो. तो असतो कडेच्या दीड-दोन रेघांएवढ्या जाडीवर.

अकोल्याच्या एका संग्राहकाची नोंदवही मी उन्हाळ्यात पाहिली. अक्षर देखणे, रकाने आखीव : धातू, व्यास, वजन, फितीचा रंग, स्थिती, खरेदीची किंमत. एका नोंदीत 1914–18 च्या महायुद्धाचे रूप्याचे पदक होते. व्यास 36 मिलिमीटर, वजन पावणेतीन तोळ्यांच्या आतबाहेर, पंचम जॉर्जचे मुख. सगळे बिनचूक. कडेवर काय आहे, हा रकानाच वहीत नव्हता. पदक मागून घेतले आणि उजेडात फिरवले, तो कडेवर सरळ इंग्रजी ठशांत क्रमांक, शिपायाचा हुद्दा, त्याचे नाव आणि पलटण. संग्राहक म्हणाले, "गुरुजी, ते तं सगळ्याइवर असते. त्यानं किंमत नाही वाढत." माझा सारा वाद या एका वाक्याशी आहे. सगळ्यांवर असते हे खरे. पण एकासारखे दुसऱ्यावर नसते. लाखो प्रती छापलेल्या या ग्रंथात प्रत्येक प्रतीला वेगळी अशी ती एकच ओळ आहे.

त्याच युद्धात सामान वाहणाऱ्या, खंदक खणणाऱ्या मजूर-तुकड्यांना हेच पदक ब्राँझचे दिले गेले. साचा तोच, राजा तोच, धातू तेवढा हलका. तराजूने पाहणारा माणूस ब्राँझचे पदक बाजूला टाकतो. वाचणाऱ्याला मात्र तिथे साऱ्या साम्राज्याची वर्णव्यवस्था एका ठशात मिळते. कंपनी सरकारची ही जुनीच रीत होती. 1799 च्या श्रीरंगपट्टणच्या पदकावर इंग्रजी सिंह टिपूच्या वाघाला लोळवतो आहे. पण तोच सिंह सेनापतीकडे सोन्याचा आहे आणि शिपायाकडे कथलाचा.

आता वऱ्हाडाकडे येतो. कंपनीने 1851 मध्ये एक पदक मंजूर केले. त्याला 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' म्हणतात. विल्यम वायनने घडवलेले व्हिक्टोरियाचे मुख एका बाजूला. दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता, मागे ताडामाडासारखे झाड आणि खाली 1799–1826 ही वर्षे. फिकट निळी फीत. ज्या लढाईत माणूस होता तिच्या नावाची रूप्याची पट्टी त्या फितीवर. अशा एकवीस पट्ट्या आहेत. पहिली पट्टी 1803 ची असताना पदकावर 1799 का घातले, याला पदकात तरी उत्तर नाही. प्रस्तावना लांबल्यासारखे ते वाटते. त्या एकवीस पट्ट्यांत असई आहे, खडकी आहे, कोरेगाव आहे, सीताबर्डी आहे. आणि 'अरगाम' व 'गाविलघर' आहेत. अरगाम म्हणजे आपले अकोला जिल्ह्यातले, तेल्हाऱ्याकडचे अडगाव. गाविलघर म्हणजे चिखलदऱ्याचा गाविलगड, जिथे आम्ही दर हिवाळ्यात मुलांची सहल नेतो आणि ती तोफेवर बसून फोटो काढून घेतात.

अडगावची लढाई 29 नोव्हेंबर 1803 ची. एका बाजूला आर्थर वेलस्ली, दुसऱ्या बाजूला रघूजी भोसल्यांचे भाऊ मन्याबापू यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ. लढाईच्या आरंभीच मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या, तेव्हा कंपनीच्या शिपायांच्या तीन पलटणी बिथरून मागे पळाल्या. या त्याच पलटणी, ज्यांनी दोन महिन्यांपूर्वी असईला नाव काढले होते. वेलस्लीने त्यांना स्वतः गाठून पुन्हा रांगेत आणले. संध्याकाळ झाली, मराठी फौज मोडली आणि चांदण्यात पाठलाग चालू राहिला. 15 डिसेंबरला गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंह तिथेच लढताना मारला गेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निझामाकडे गेला. मात्र गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांना परत मिळाले. म्हणजे ज्या किल्ल्याची पट्टी पुढे रूप्यात घडली, तो किल्ला दोन दिवसांत परत केलेला होता.

या पदकाची सर्वांत मोठी अट काव्यशास्त्राच्या भाषेत सांगायची तर त्याची ध्वनिमर्यादा आहे. ते फक्त हयात असलेल्यांना मिळायचे. 1803 चा शूर 1851 पर्यंत जगला पाहिजे! अडगावला विशीत असलेला माणूस तोवर सत्तरीच्या घरात पोचलेला. त्यामुळे या पट्टीवर खरे पाहता शौर्य नोंदलेले नाही, आयुष्य नोंदलेले आहे. लढाईत पडलेला कडेवर नाही, आणि त्या अठ्ठेचाळीस वर्षांत पटकीने, उपासमारीने किंवा नुसत्या म्हातारपणाने गेलेलाही नाही. याच्या नेमके उलट कोरेगावच्या स्तंभाचे. तिथे दगडावर पडलेल्यांची नावे आहेत आणि त्यांतली पुष्कळशी 'नाक' या प्रत्ययाने ओळखू येणारी महार शिपायांची आहेत. दगड मेलेल्यांचा आणि रुपे जगलेल्यांचे. दोन्ही एकत्र वाचल्यावाचून एकही लढाई पुरी वाचून होत नाही. बेनीसिंह मात्र दोन्हींत नाही. जिंकणाऱ्याच्या मजकुरात तो बसत नाही, आणि आपला मजकूर आपण लिहिला नाही.

'अरगाम' या अक्षरांबद्दल संग्राहक हसतात. साहेबाला अडगाव म्हणता आले नाही, बस्स. मला ते हसण्यासारखे वाटत नाही. 'ड' चा 'र' झाला, 'गाव' चे 'गाम' झाले. आणि त्या एका अपभ्रंशाने गाव जगाच्या नोंदीत गेले तसे आमच्या नोंदीतून सुटले. परदेशात कुणी अरगामची पट्टी विकत घेतो तेव्हा त्याला कपाशीचे ते शिवार माहीत नसते. अडगावच्या पोराला आपल्या गावाची रूप्याची पट्टी आहे हे माहीत नसते.

आमच्या ऐतिहासिक कादंबरीकारांनाही, आणि त्यांत मी आलोच, या कामी फारसे श्रेय नाही. आमच्या कादंबऱ्यांत पदक येते ते म्हाताऱ्या सुभेदाराच्या छातीवर 'चकाकत' येते. ते कोणते, कोणत्या साली मिळाले, कशासाठी, हे लेखक विचारत नाही. बंडाच्या आधीच्या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस देऊन मोकळे होणारे लेखक मी वाचले आहेत. हिंदी शिपाई त्या सन्मानाला पात्र ठरला 1911 मध्ये. त्याआधी त्याच्यासाठी 1837 मध्ये काढलेला वेगळा 'ऑर्डर ऑफ मेरिट' होता. हा फरक तपशिलाचा नाही. आपल्या पात्राला कोणती दारे उघडी होती आणि कोणती बंद, हे ज्याला ठाऊक नाही त्याला ते पात्रच ठाऊक नाही. महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाली, महायुद्धात 1917 साली 111 वी महार पलटण उभारली आणि 1921 मध्ये मोडूनही टाकली. त्या चार वर्षांत कुणाच्या कडेवर ती पलटण उमटली असेल, तर पदकाची ती एक ओळ म्हणजे एका घराण्याचा पुरावा आहे.

आणि हा पुरावा नाहीसा होतो आहे. 1980 च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा जगभर महायुद्धाची रूप्याची पदके वितळली गेली. रूप्याच्या जिनसेला सराफ तराजूत घालतो, भिंगाखाली धरत नाही. दुसरा शत्रू बनावटखोर. तो कडेवरचे नाव घासून तिथे मातबर नाव घालतो किंवा साध्या पदकाला दुर्मीळ लढाईची पट्टी जोडतो. घासलेल्या पदकाचा व्यास केसभर कमी भरतो, कड बोटाला किंचित उतरती लागते, पट्टीच्या खिळ्यांत नवेपणा दिसतो. मग नाव लंडनला असलेल्या जुन्या याद्यांशी ताडून पाहावे लागते. जाणता संग्राहक हे सगळे करतो, पण बहुधा फसू नये म्हणून करतो. घासून गेलेले पहिले नाव कोणाचे होते, हे विचारणारा अजून माझ्या पाहण्यात नाही.

अकोल्याच्या त्या वहीत आता सातवा रकाना आखला गेला आहे. मथळा आहे 'कड'. परवा त्यांचा निरोप आला : एकोणीस पदकांची नावे उतरून झाली, चार वाचता येत नाहीत, आणि एकावर गावाचे नाव नसूनही आडनावावरून माणूस दर्यापूरकडचा असावा असे त्यांना वाटते. आडनावावरून गाव ठरवणे धोक्याचे आहे, असे मी त्यांना कळवले आहे.