शून्य कोणाचे, उत्तर कोणाचे?

बहुपदीची शून्ये शिकवून झाल्यावर वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा : क्ष² − ५५क्ष + २५० या बहुपदीचे शून्य कोणते? '२५०' म्हणणारी मुले हमखास भेटतात; त्यांनी क्षच्या जागी ० ठेवलेले असते. काही जण '०' म्हणतात, कारण शून्य म्हणजे शून्यच! ही चूक मुलांची नाही, शिकवण्याच्या क्रमाची आहे, असे आम्हांला वाटते.

बहुतेक ठिकाणी व्याख्या एका वाक्यात उरकून लगेच मधल्या पदाची फोड सुरू होते. (क्ष − ५)(क्ष − ५०) हे अवयव पडले, ५ व ५० लिहिले, गुण मिळाले. पण ५ ला 'शून्य' का म्हणायचे, हे राहूनच जाते.

त्याऐवजी आधी किमतींचा तक्ता करावा. क्ष = ०, ५, १०, ३०, ५०, ६० घेतल्यास बहुपदीची किंमत अनुक्रमे २५०, ०, −२००, −५००, ०, ५५० येते. आलेख ५ आणि ५० पाशी क्ष-अक्षाला छेदतो. शून्य होते ती बहुपदीची किंमत. 'शून्य' हे नाव मात्र क्षच्या किमतीला. हे उमगले, की अवयव पाडणे हे ती ठिकाणे शोधण्याचे केवळ एक साधन ठरते. क्ष³ + क्ष − १ चे अवयव सहज पडत नाहीत; तरी क्ष = ० असता −१ आणि क्ष = १ असता १ येतो, म्हणजे मध्ये कुठेतरी शून्य आहे, हे मूल स्वतः सांगू शकते.

दुसरा गोंधळ शून्य आणि उत्तर यांचा. वरची पहिली बहुपदी आम्ही मुद्दाम निवडली. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या बाराव्या शतकातील ग्रंथात वानरांचे उदाहरण आहे. टोळीच्या पाचव्या भागातून ३ वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतके वानर गुहेत गेले, एक फांदीवर दिसतो. तर एकूण किती? मांडणी केली की हीच बहुपदी मिळते. ५० आणि ५ दोन्ही समीकरणात बसतात. पण ५ चा पाचवा भाग १. त्यातून ३ वानर कसे वजा करणार? भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर नाकारले.

तरीही ५ हे त्या बहुपदीचे शून्य आहेच. शून्य बहुपदी ठरवते, उत्तर प्रश्न ठरवतो. 'ऋण किंमत अमान्य' हे वाक्य पाठ करवून हा भेद कळत नाही. इथे तर ५ ही संख्या धनच आहे! म्हणून मिळालेले प्रत्येक शून्य मूळ प्रश्नात ठेवून पाहण्याची सवय मुलांना लावावी. पुढच्या तासाला हे वानर फळ्यावर आणून पाहा.