‘लिहाफ’मधली बेगमजान : तिला कुणी विचारले का?

इस्मत चुगताईंची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ साली ‘अदब-ए-लतीफ’मध्ये छापून आली, तिच्यावर लाहोरच्या कोर्टात अश्लीलतेचा खटला चालला आणि कथेत आक्षेपार्ह शब्दच दाखवता येईना म्हणून इस्मत आपा सुटल्या. ‘लिहाफ’वर लिहिणारा जो तो इथूनच सुरुवात करतो, आम्हीही केली. पण या खटल्यात आमची समीक्षा अशी गुंतली की बेगमजान मागेच राहिली. कुणी तिला बिघडलेली म्हटले, कुणी बंडखोर. तिला नेमके काय होत होते, हे मात्र पाहायचे राहून गेले.

कथेत ते स्पष्ट आहे. नवाबसाहेब वयाने मोठे, नेकनाम आणि बायकोकडे न बघणारे. बेगमजान हवेलीत सुकत जाते. ताविज, टोटके होतात, झोप उडते, अंगाला खाज सुटते. डॉक्टरांना कातडीवर काही दिसत नाही. मग रब्बूचे हात, तेलमालिश, आणि बेगम पुन्हा भरते. इस्मत आपांनी रोगाचे निदान आणि उपचार असे शेजारी मांडून ठेवले, वर एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्याच पेशातल्या होत्या त्या, बी.ए., बी.टी.; धडा समजावून सांगायचा मोह त्यांनी इथे आवरला.

बेगमजानची इच्छा मेलेली नव्हती, तिला दाद नव्हती. हा फरक महत्त्वाचा. इच्छा न होणे वेगळे आणि इच्छा असून शरीराने साथ न देणे वेगळे, तरी बाईच्या बाबतीत दोन्ही गुंतलेले असतात. म्हणून २०१३ साली अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या निदानाच्या ग्रंथात या दोन तक्रारी एकत्र केल्या आणि अट घातली की त्रास साधारण सहा महिने टिकलेला हवा आणि तो खुद्द त्या बाईला जाचत असला पाहिजे. नवऱ्याला जाचतो म्हणून ती रोगी ठरत नाही! पुष्कळ बायकांत इच्छा आधी येतच नाही. जवळीक, विश्वास, सवड मिळाल्यावर ती जागी होते.

इथे आम्हाला आमच्या साहित्याबद्दल तक्रार आहे. अतृप्त स्त्री आम्ही रंगवली, सोसणारी तर ढिगाने. पण जिला काहीच वाटेनासे झाले आहे, जिचे अंग दुखते म्हणून जी रात्रीला घाबरते, ती आमच्या वाचनात फारशी आली नाही. आमच्या शाळेतल्या एक बाजी दुसऱ्या बाळंतपणानंतर दर्ग्याला मन्नत मागून आल्या. ‘तुझे मन माझ्यावर नाही’ असा शोहरचा ठपका होता. अंगावर पाजताना संप्रेरके बदलतात, कोरडेपणा येतो, इच्छा ओसरते, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. उदासीवरच्या काही गोळ्या, मधुमेह, थायरॉईड, पाळी जाणे, ही कारणेही असतात. आणि शर्म तर सगळ्यांच्या आधी. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये नवऱ्याला बजावले आहे की आपली गरज भागली तरी बायकोची भागेपर्यंत थांबावे. वाझमध्ये ही ओळ आम्ही कधी ऐकली नाही.

कथेत एक गोष्ट मात्र आम्हाला खुपते. रब्बू नसताना बेगमजान त्या लहान मुलीशी जशी वागते, ते माफ करण्यासारखे नाही. तिच्या उपेक्षेची कितीही कणव आली तरी नाही. आपल्या टीकाकारांनी हे ‘बालसुलभ भीती’ म्हणून निभावून नेले. वर्गात रोज मुली बसतात समोर, आम्हाला ते जमत नाही.

‘कागजी है पैरहन’मध्ये इस्मत आपांनी लिहिले आहे की जिच्यावरून ही कथा सुचली ती बेगम पुढे त्यांना एका दावतीत भेटली. इस्मत आपा धास्तावलेल्या. बेगमने त्यांना गळ्याशी धरले. नवाबाशी तलाक घेऊन तिने दुसरा निकाह केला होता आणि तिला एक मुलगा होता.