संकलन-प्रणालीतील परिवर्तन आणि वापरकर्ता : ‘फायनल कट प्रो टेन’ची चिकित्सा

चित्रपट-संकलनाची संगणकप्रणाली हे केवळ साधन नसून ते संकलकाच्या कार्यपद्धतीचे व्याकरण असते. या दृष्टीने ॲपल कंपनीच्या ‘फायनल कट प्रो’चे उदाहरण चिंतनीय आहे. १९९९ मध्ये आलेल्या या प्रणालीवर वॉल्टर मर्च यांनी ‘कोल्ड माउंटन’ (२००३) संकलित केला आणि तिची व्यावसायिक प्रतिष्ठा वाढली.

जून २०११ मध्ये पूर्णतः नव्याने रचलेली ‘टेन’ ही आवृत्ती आली. पारंपरिक ट्रॅकऐवजी तिने ‘मॅग्नेटिक टाइमलाइन’ स्वीकारली. एक क्लिप काढताच पुढील क्लिपा सरकून रिकामी जागा भरून काढतात, ही कल्पना मूलगामीच होती. मात्र जुने प्रकल्प तीत उघडत नव्हते, मल्टिकॅम संकलन नव्हते, ध्वनिसंकलकाकडे काम सोपविण्यासाठी ओएमएफची सोयही नव्हती. त्याच वेळी जुनी आवृत्ती विक्रीतून काढण्यात आली. परिणामी अनेक व्यावसायिक अन्य प्रणालींकडे वळले. पुढे सप्टेंबर २०११ मध्ये एक्सएमएल आणि जानेवारी २०१२ मध्ये मल्टिकॅम उपलब्ध झाले.

हा रोष केवळ नावीन्याविरुद्ध होता, असे मानणे एकांगी ठरेल. संकलन हे सामूहिक कर्म आहे. देवाणघेवाणीचा एक दुवा निखळला तरी संपूर्ण साखळी खंडित होते. ‘पॅरासाइट’ (२०१९) जुन्या सातव्या आवृत्तीवरच संकलित झाला, ही बाब बोलकी आहे. २०२२ मध्ये १०० हून अधिक व्यावसायिकांनी टिम कुक यांना खुले पत्र लिहून चित्रपटक्षेत्रासाठी अधिक पाठबळाची मागणी केली. सारांश, प्रणालीतील उणिवा काही महिन्यांत दूर करता येतात. विश्वासाची उणीव मात्र दशकानंतरही शिल्लक राहते.